विनोदांचं कपाट

माझ्या फोनच्या नोट्समध्ये रात्री दोन वाजता लिहिलेले अर्धेमुर्धे विनोद पडलेत, त्यातला एक म्हणजे "लिफ्ट, काका, आरसा", बस एवढंच, आणि आता त्यात हसण्यासारखं काय होतं ते मलाच आठवत नाही. त्यामुळे अमेरिकन स्टँडअप कॉमेडियन जोन रिव्हर्सचं विनोदांचं कपाट तिच्यावरच्या डॉक्युमेंटरीत बघितलं तेव्हा लाजच वाटली. जुन्या लायब्ररीत असायचे तसे खणच खण, आत टाईप केलेली कार्डं, विषयवार लावलेली. सुमारे ६५ हजार विनोद!

जन्म १९३३, ब्रुकलिन, वडील डॉक्टर. हिला खरं तर नाटकात काम करायचं होतं. न्यूयॉर्कच्या बारक्या क्लबांमध्ये वर्षानुवर्षं घासल्यावर १७ फेब्रुवारी १९६५ ला जॉनी कार्सनच्या शोवर, म्हणजे अमेरिकेतल्या रात्रीच्या प्रसिद्ध टीव्ही शोवर, चान्स मिळाला, तेव्हा बाई ३१ वर्षांची. मग म्हणे एका रात्रीत स्टार! आधीच्या रात्री कोण मोजतंय.

१९८३ पासून कार्सन सुट्टीवर गेला की शो हीच चालवायची. १९८६ मध्ये हिने फॉक्स या दुसऱ्या चॅनेलवर स्वतःचा शो घेतला, तोही त्याच्याच वेळेला, तर कार्सन जो रुसला तो मरेपर्यंत हिच्याशी बोलला नाही. पुढच्या मे मध्ये फॉक्सने तिला काढलं, ऑगस्टमध्ये नवऱ्याने, जो त्याच शोचा निर्माता होता, आत्महत्या केली. शो गेला, नवरा गेला, कामं आटली. आणि बाईने काय केलं, तर परत स्टेजवर जाऊन त्याच्यावरच विनोद. मला पहिल्यांदा ऐकताना कसंतरीच झालं, हसू आलं आणि हसल्याची लाज पण वाटली. पण तिचं दुःख आहे, तिने काय करायचं ते आपण कोण सांगणार?

नंतर टीव्हीवर दागिनेसुद्धा विकले तिने. लोक नाकं मुरडायचे, मला तर भारी वाटतं ते, काम ते काम.

कार्सन गेला तरी त्या शोचे दरवाजे हिला बंदच होते. उघडले ते त्याच शोचा नवा होस्ट जिमी फॅलनच्या पहिल्या एपिसोडला, १७ फेब्रुवारी २०१४. तारीख बघा, बरोब्बर ४९ वर्षं.

त्या डॉक्युमेंटरीत एक गोष्ट आहे जी डोक्यातून जात नाही, की हिला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती डायरीतल्या कोऱ्या पानांची. २७ ऑगस्ट २०१४ ला, वय ८१, मॅनहॅटनमधल्या एका छोट्या थिएटरात तासभर शो केला. दुसऱ्या दिवशी सकाळी घशाची साधीशी प्रोसिजर होती, त्यातच हृदय थांबलं, ४ सप्टेंबरला गेली.

२९ ऑगस्टचं पान भरलेलं होतं, त्या रात्री न्यू जर्सीत शो होता.