त्रिज्या नक्की कुणाची?

मुंबईतल्या एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवते. जुलैमधली गोष्ट, पाऊस असा की हार्बर बंद, दुपारची लेक्चरं रद्द, आणि डिपार्टमेंटमध्ये मी आणि एमएस्सीचा एक विद्यार्थी असे दोघंच अडकलेलो. त्याचा प्रोजेक्ट होता न्यूट्रॉन ताऱ्यात, म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या उरलेल्या अतिघन गाभ्यात, डार्क मॅटर (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणाने जाणवणारं द्रव्य) मिसळलं तर तारा कसा बदलेल यावर. ताऱ्यातलं प्रेशर आणि गुरुत्वाकर्षण यांचा तोल सांगणारी टोलमन, ओपेनहायमर, व्होल्कॉफ यांची १९३९ची समीकरणं, पण एकाऐवजी दोन पदार्थांसाठी, प्रत्येकाचं प्रेशर वेगळं आणि दोघांत नातं फक्त गुरुत्वाकर्षणाचं.

आधी नुसता तारा. सूर्याच्या १.४ पट वस्तुमान आणि त्रिज्या साधारण १२ किमी, म्हणजे व्यास चर्चगेटपासून अंधेरीच्या जरा पुढपर्यंत. मग ५% डार्क मॅटर टाकलं, जड कणांचं. ते केंद्रात जाऊन बसतं, त्याचं वजन न्यूट्रॉनांवर येतं पण बाहेर ढकलायला ते न्यूट्रॉनांना मदत करत नाही, त्यामुळे तारा आकसतो आणि जास्तीत जास्त किती वस्तुमान पेलेल तेही घटतं. इथपर्यंत अपेक्षेप्रमाणे.

मग त्याने कण हलके केले आणि त्रिज्या आली चाळीस किमीच्या वर! मी लगेच म्हटलं, कोडमध्ये चूक आहे, स्टेप साइज बघ. तासभर तो बघत बसला आणि मग शांतपणे म्हणाला, "मॅडम, लूप थांबतो कुठे ते बघा ना."

लूप केंद्रापासून बाहेर मोजत जातो, आणि थांबत होता दोन्ही प्रेशर शून्य झाल्यावर. न्यूट्रॉन १२ किमीलाच संपत होते, पुढे होता तो डार्क मॅटरचा न दिसणारा हेलो, म्हणजे ताऱ्याभोवतीचं वलय. कोड बरोबर होता, माझ्या डोक्यातली त्रिज्या एकच होती. एक्स-रे दुर्बीण मोजते ती न्यूट्रॉनांची, पण दोन तारे एकमेकांभोवती फिरत जवळ येतात तेव्हा ताणला जातो हेलोसकट अख्खा तारा, आणि हा ताण त्रिज्येच्या पाचव्या घातावर जातो! मला खरंच काटा आला.

असे दोन तारे एकमेकांवर आदळले त्या १७ ऑगस्ट २०१७च्या गुरुत्वीय लहरींवरून १.४ सूर्यवस्तुमानाच्या ताऱ्यासाठी, तो किती सहज ताणला जातो याचा आकडा ७० ते ५८० असा काढलाय. आमचा हेलोवाला काही हजारांत गेला. त्याने वहीतली हलक्या कणांची ओळ खोडली.

"आणि ही जड कणांची?" त्याने विचारलं. ती खोडता येईना, कारण आकसलेला तारा नुसत्या मऊ, म्हणजे सहज दाबल्या जाणाऱ्या, अणुद्रव्यानेही मिळतो आणि त्या घनतेला द्रव्य कसं वागतं तेच अजून नक्की नाही. शिवाय ५% येणार कुठून, अब्जावधी वर्षं आजूबाजूचं डार्क मॅटर ओढूनसुद्धा त्याच्या जवळपास काही जमत नाही, हे मी त्याला शेजारी लिहायला लावलं.

आठच्या सुमारास गाड्या सुरू झाल्या. ती ओळ वहीत अजून तशीच आहे, समोर प्रश्नचिन्ह करून.