गाडीच्या कमरेत उभा राहू नकोस

मे महिन्यातली गोष्ट. सकाळी साडेसहाला इंदूरमधल्या लोकमान्य नगरच्या घरी पहिला चहा घेत होतो, तेवढ्यात भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो कॅनडात सस्कॅचवानमध्ये एका शेतावर नोकरीला आहे. तिथं आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात वाजले होते, ऊन अजून लख्ख होतं आणि त्याच्या मागे काळ्या रानात व्हर्सटाइल कंपनीचा जुना ट्रॅक्टर बंद पडून उभा होता.

"मामा, स्टार्टर फिरतोय, पण इंजिन धरतच नाही. पेरणी अर्धी राहिलीय, उद्या रात्री पाऊस सांगितलाय. मालक दवाखान्यात आहेत आणि मेकॅनिक चार दिवसांनी येणार म्हणतो. तुम्ही जरा बघता का?"

आपल्या माळव्यात ५० हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर म्हणजे मोठा. हा कॅनडातल्या विनिपेगमध्ये बनलेला, जवळपास ३०० हॉर्सपॉवरचा. पुढची-मागची चाकं सारखीच मोठी, प्रत्येक ठिकाणी जोडटायर, म्हणजे एकूण आठ, आणि सगळ्यांना इंजिनाची ताकद. एवढी चाकं वळवायची कशी? ती वळवतच नाहीत. चॅसीच मधोमध दोन तुकड्यांत असते, सेंटर पिननं जोडलेली, आणि दोन हायड्रॉलिक जॅक अख्खी गाडी कमरेत वाकवतात. व्हर्सटाइलनं असे ट्रॅक्टर १९६६ मध्ये काढायला सुरुवात केली. त्याआधी मिनेसोटातल्या स्टायगर भावांनी आपल्या गोठ्यात असाच एक बनवला होता.

असा ट्रॅक्टर मी प्रत्यक्ष कधी पाहिलेला नाही. पण भाच्यानं इंजिनावर कॅमेरा नेला आणि जुना ओळखीचा माणूस भेटावा तसं झालं. कमिन्स ८५५! सहा सिलिंडर, साडेपाच इंच बोअर, सहा इंच स्ट्रोक, १४ लिटर. किर्लोस्कर कमिन्सनं हे इंजिन पुण्यात बनवलं. मध्य प्रदेशात लाइट तासन्‌तास जायची, त्या काळात पीथमपूरच्या कारखान्यांतल्या, हेच इंजिन बसवलेल्या जनरेटरांपाशी मी कितीतरी रात्री काढल्या आहेत.

"स्टार्टर मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का?"

"अजिबात नाही."

पांढरा धूरही नाही, म्हणजे डिझेल आत पोचतच नव्हतं. टाकी भरलेली, फिल्टर नवा. मग डिझेल पंपावरचा शटडाउन सोलेनॉइड, म्हणजे डिझेलची वाट विजेवर उघडणारा-बंद करणारा भाग, बघायला सांगितला. किल्ली ऑन केली की तिथं 'टक्' असा आवाज यायला हवा. आला नाही. टेस्ट लॅम्प लावला तर वायरीत करंट होता. म्हणजे सोलेनॉइडची कॉइलच जळली होती.

या पंपाची मला सर्वात आवडणारी गोष्ट अशी की बनवणाऱ्यानं हा दिवस आधीच ओळखून ठेवलाय. सोलेनॉइडच्या व्हॉल्व्हला एक छोटा नॉब असतो. तो घड्याळाच्या दिशेनं शेवटपर्यंत आवळला की डिझेलची वाट हातानं उघडते आणि विजेची गरजच उरत नाही. फक्त एक लक्षात ठेवायचं, मग इंजिन किल्लीनं बंद होत नाही. नॉब उलटा फिरवावा लागतो.

भाच्यानं नॉब आवळला. मालकाचा नातू वर केबिनमध्ये किल्लीला हात लावून बसला होता. मी "मार" म्हणणार, तेवढ्यात भाच्यानं आवाज नीट यावा म्हणून फोन खाली घेतला आणि मला त्याच्या दोन्ही बाजूंना टायर दिसले. पुढचा आणि मागचा. तो नेमका कमरेत उभा होता.

"थांब! आधी बाहेर ये. आधी बाहेर!" मी इतक्या जोरात ओरडलो की आतून ताई धावत आली.

आमच्या देवास नाक्यावर एक लोडर ग्रीसिंगसाठी आला होता. त्याचीही कंबर अशीच. इंजिन चालू होतं आणि हेल्पर सेंटर पिनला ग्रीस देत होता. ऑपरेटर वर चढला तो स्टीअरिंगचा आधार घेऊन. तेवढ्यानं लोडर वाकला. हेल्परनं गुडघ्याखालचा पाय गमावला. तेव्हा मी दहा पावलांवर होतो. ओरडायलाही वेळ मिळाला नाही.

कमरेत काम करण्याआधी पुढची-मागची फ्रेम जोडणारा लॉक बार लावायचा असतो. भाच्यानं शोधला, तो जागेवर होता, रंगाखाली दडलेला. पण ट्रॅक्टर डावीकडे वाकून बंद पडलेला, त्यामुळे भोकं जुळेनात. सरळ करायला इंजिन हवंच. मग मी सांगितलं, "तू वीस पावलं लांब जा. फोन असा धर की मला तू आणि गाडी दोन्ही दिसाल."

नातवानं किल्ली मारली. आधी पांढरा, मग काळा धूर, आणि मग तो भरदार आवाज, जो मी झोपेतही ओळखेन. पोरानं घाबरून स्टीअरिंग घट्ट धरलं असावं, कारण पुढचा भाग हातभर झटकन डावीकडे गेला. मघाशी भाचा जिथं उभा होता तिथं आता टायर टायरला भिडायला आला होता.

भाचा काही बोलला नाही. मीही नाही.

मग ट्रॅक्टर सरळ केला, भाच्यानं लांबूनच हात उंचावून खूण केल्यावर नातू स्टीअरिंग सोडून खाली उतरला. नॉब उलटा फिरवून इंजिन बंद केलं. बार लावला, पिन हातोडीनं ठोकून बसवली, सगळं तपासलं. बार काढल्यावरच पुन्हा पेरणी. रात्री दीडपर्यंत ते दोघं रानात होते, असं त्यानं नंतर कळवलं.

ताई पोह्यांची ताटली घेऊन माझ्या खांद्यामागून स्क्रीनकडे बघत होती.

"झाली का रे त्याची गाडी चालू?"

"झाली," मी म्हटलं.