तुम्ही विचारलेत म्हणून: नगरच्या आमच्या मंडळीविषयी

मी अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत वाढलो, असे सांगितले की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे तुमचे चर्च इंग्रजांनी काढलेले ना?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

आमच्याकडे आलेले मिशनरी अमेरिकन होते. त्यांच्यातले पहिले, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, 1813 साली मुंबईत उतरले, तेव्हा इंग्रज कंपनी सरकारने त्यांना परत पाठवण्याचेच हुकूम काढले होते. बऱ्याच विनवण्या आणि अर्जांनंतर त्यांना राहू दिले गेले. त्यांच्या मिशनचे लोक 1831 च्या अखेरीस नगरला आले आणि 1833 मध्ये येथे मंडळी स्थापन झाली. मंडळी म्हणजे इमारत नव्हे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. आमच्या बोलण्यात मंडळी म्हणजे माणसे, आणि आज दिसणारी दगडी वास्तू त्या माणसांच्या कितीतरी नंतरची आहे.

पुढच्या काही वर्षांतच या गावात जे घडले, त्याचा मला फार अभिमान वाटतो. 1842 साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक नगरहूनच निघाले. अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार यांची मुलींची शाळा येथलीच; ती पाहून गेल्यावर 1848 मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. आणि 1854 मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघा मराठी माणसांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. म्हणजे सत्तावनच्या उठावाआधीच येथे प्रवचन करणारा, बाप्तिस्मा देणारा, आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करणारा पाळक याच मुलखातला होता.

हरिपंत जन्माने ब्राह्मण होते आणि मंडळीत येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण महार व मांग समाजातले होते. त्या काळी यांची सावलीही एकमेकांवर पडू नये असा दंडक होता, आणि प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करणाऱ्या विधीला, मात्र भाकर एक, प्याला एक. जात एका दिवसात गेली असे मी म्हणणार नाही. ती आमच्यातही बराच काळ रेंगाळली, लग्न जुळवताना तर विशेष. तरीही आज छोट्या पेल्यांचे तबक रांगेतून हातोहात सरकत माझ्यापर्यंत येते, तेव्हा त्या पहिल्या एका प्याल्याला ओठ लावणाऱ्यांना काय धाडस करावे लागले असेल, हा विचार माझ्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

राहिला भाषेचा प्रश्न, कारण "तुम्ही इंग्रजीत गाता का?" हेही विचारले जाते. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक नगरला येऊन राहिले आणि ख्रिस्ताची भक्ती त्यांनी अभंगांत आणि भजनांत आणली. परदेशी चालींवर बसवलेली गीते त्यापूर्वीही होती, पण ती म्हणताना जीभ अडखळे. टिळकांची पदे आपोआप ओठांवर येतात. आमच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची अनेक पदे आहेत. माझ्या आजीला वाचता येत नव्हते. तरी ती आपली प्रत सुती फडक्यात गुंडाळून दर रविवारी बरोबर नेई, गीताचा क्रमांक जाहीर झाला की शेजारणीकडून पान काढून घेई आणि मग ओळींवरून बोट फिरवत सारी कडवी तोंडपाठ म्हणे. ती प्रत आता माझ्याकडे आहे. तिच्यातल्या टिळकांच्या पदांची पाने कडेला बोटाच्या तेलकटपणाने पिवळी पडली आहेत. बाकीची बरीचशी अजून कोरी दिसतात.