कादंबरीची नोंदवही : अकरा प्रकरणं झाली, आई पुन्हा लिहिली

मागच्या नोंदीला दोन महिने झाले. शब्दसंख्या ३४ हजारांवरून २९ हजारांवर आली आहे, तरी काम पुढे सरकलंय. चौथ्यापासून सातव्यापर्यंतची प्रकरणं पूर्ण काढून टाकली. त्यांत आई नुसती ओरडत होती.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. जुई सोळा वर्षांची आहे. सहा वर्षांची असताना ती नाशिकहून न्यू जर्सीत एडिसनला आली. बाबा एच-१बीवर, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर; ती आणि आई एच-४वर, म्हणजे त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांच्या व्हिसावर. शाळेच्या बसमध्ये तिच्या शेजारी बसणारा कार्तिक तेलुगू घरातला, पण जन्म इथलाच, म्हणून अमेरिकन नागरिक. वर्ग एक, बस एक, ओक ट्री रोडवरचं मिठाईचं दुकानही एकच, फक्त कागद वेगळे. ग्रीन कार्डाचा, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याचा, नंबर लागायच्या आधी जुईला २१ पूर्ण झाली, तर तिचा एच-४ संपतो. मग स्वतःचा विद्यार्थी व्हिसा मिळवायचा, नाहीतर देश सोडायचा. इथल्या आयांच्या बोलण्यात याला ‘एज-आउट होणं’ म्हणतात.

गोष्ट सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू होते. तो महिना मी मुद्दाम निवडला. ग्रीन कार्डाची रांग कुठवर आली ते सांगणाऱ्या सरकारी मासिक पत्रकात, म्हणजे व्हिसा बुलेटिनमध्ये, भारतीयांसाठी ईबी-२ची (उच्चशिक्षित नोकरदारांच्या गटाची) तारीख तेव्हा १ डिसेंबर २०१४ होती; त्याआधी रांगेत लागलेल्यांचा नंबर आला होता. ऑक्टोबरमध्ये ती मागे गेली, थेट १ एप्रिल २०१२वर. जुईच्या बाबांची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत लागल्याची तारीख, फेब्रुवारी २०१५ आहे. अडीच-तीन महिन्यांवर आलेला नंबर एका रात्रीत जवळजवळ तीन वर्षं लांब गेला. त्या रात्री जेवताना घरात कोणी काही बोलत नाही, आणि जुई नेमकं त्याच रात्री होमकमिंगला, म्हणजे शाळेतल्या नाचाच्या कार्यक्रमाला, जायचं विचारणार असते. हे पहिलं प्रकरण मी चार वेळा लिहिलं. आता ते मला आवडतं. ग्रीन कार्डांवरची देशागणिक सात टक्क्यांची मर्यादा वगैरे तपशील त्यात एका वाक्यात येतो, तोही बाबांच्या तोंडून. आधी मी त्यावर दोन पानं लिहिली होती आणि सगळी गोष्ट तिथेच थांबत होती.

आता आईबद्दल. रविवारच्या मराठी शाळेतल्या दोन मुलींना मी कच्चा खर्डा वाचून दाखवला. त्यांना मराठी छान समजतं, वाचताना मात्र त्या अडखळतात, म्हणून मीच वाचलं. त्यातल्या एकीने विचारलं, “जुईच्या आईला नाव का नाहीये?” मी गप्प झाले. खरंच नव्हतं. परदेशी वाढणाऱ्या मुलांच्या गोष्टींत आईबाप म्हणजे ‘संस्कृती’ नावाची भिंत, ही सवय माझ्याही हातात बसली होती.

आता तिचं नाव वृषाली. नाशिकला बँकेत अधिकारी होती. २०१२ मध्ये आली तेव्हा एच-४वर नोकरी करायची मुभाच नव्हती. काही जोडीदारांना ती २०१५ पासून मिळाली, तीही आय-१४०, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज, मंजूर झाल्यावर. म्हणजे ती मंजुरी येईपर्यंत वृषाली चार वर्षं घरी बसली होती. मुलांना तर ती मुभा अजूनही नाही. उन्हाळ्यात कार्तिक आइस्क्रीमच्या दुकानात कामाला लागतो आणि जुईला म्हणतो, “तूपण अर्ज कर ना, एकत्र शिफ्ट घेऊ.” ती त्याला खरं कारण सांगत नाही. घरी येऊन आईवर चिडते. आधीच्या खर्ड्यात आई उलट ओरडायची. आता वृषाली कपाटातून बँकेचं जुनं ओळखपत्र काढते आणि ओट्यावर ठेवते. त्यानंतरचा संवाद लिहायला मला तीन आठवडे लागले. मुलीने इंजिनीअरिंगलाच जावं हा वृषालीचा हट्ट का आहे, ते तिथे मला स्वतःलाच पहिल्यांदा नीट कळलं. तिला मुलीच्या हातात अशी पदवी हवी आहे, जिच्या जोरावर तिला स्वतःचा व्हिसा मिळेल आणि नवऱ्याच्या व्हिसाला बांधून राहावं लागणार नाही.

भाषेची अडचण अजून पूर्ण सुटलेली नाही. ही मुलं आईच्या मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देतात. सगळं देवनागरीत इंग्रजी लिहिलं तर पान वाचवत नाही. सध्या असं करते : जुईचं मनातलं बोलणं सरळ मराठीत, आणि तोंडून मराठी येतं तेव्हा त्यात तिच्या चुका तशाच. “माझा पुस्तक कुठे आहे?” आईला ती ‘ए आई’ म्हणते, बाबांनाही ‘तू’च.

या चुकांमधूनच मला नववं प्रकरण मिळालं. ‘आवडणे’ हे क्रियापद जुईला फक्त स्वयंपाकघरातलं माहीत आहे. भेंडी आवडते, कारलं आवडत नाही. बस येण्याआधी, डिसेंबरच्या थंडीत, ती कार्तिककडे न बघता म्हणते, “मला तू आवडतोस.” त्याला मराठी येत नाही, हे माहीत असल्यामुळेच ती म्हणू शकते. तो अर्थ विचारतो. ती सांगते, “बस आली.” पुढच्या आठवड्यात तो तेच वाक्य, उच्चार मोडूनतोडून, तिच्या आईसमोर म्हणतो. बस आली हे मराठीतून सांगतोय असं त्याला वाटत असतं.

वृषालीने त्यावर काय करावं, हे तीन प्रकारे लिहून पाहिलं. सध्या ती फक्त “ये आत, थंडी आहे” म्हणते आणि चहाचं आधण वाढवते.

बारावं प्रकरण या आठवड्यात सुरू करतेय. कार्तिकच्या आईचं पहिलं दृश्य त्यात आहे. तिचं तेलुगू किती ठेवायचं आणि जुईच्या कानांनी कसं ऐकवायचं, हे ठरलेलं नाही. दुसरी भारतीय भाषा बोलणारं घर कुणी मराठीत लिहिलं असेल, तर कसं जमवलंत ते नक्की सांगा.