तिसऱ्यांदा ऐकलं, 'ही शेवटची फेरी'

आज झोप लागणार नाही हे कळलंय, म्हणून लिहायला बसले.

दुपारी पावणेतीनला कॅलेंडरवर मीटिंग आली, विषय नुसता 'अपडेट', आणि पोटात खड्डा पडला. कंपनीत लेऑफची, म्हणजे नोकरकपातीची, फेरी असली की ज्यांना सव्वातीनची वेळ येते ते जातात आणि ज्यांना चारची येते ते राहतात, हे आता टीममधे सगळ्यांना पाठ झालंय. माझी चारची होती. बरं वाटलं आधी, एक दोन सेकंद, आणि मग लगेच शेजारच्या खुर्चीकडे लक्ष गेलं, तो स्क्रीनकडे बघत होता आणि काहीच बोलत नव्हता.

अठरा महिन्यांत तिसरी फेरी. पहिल्या वेळी म्हणाले मार्केट थंड आहे, दुसऱ्या वेळी रीऑर्ग (टीम्सची फेररचना), या वेळी एआय. कारण दर वेळी वेगळं पण 'हा निर्णय सोपा नव्हता' आणि 'यानंतर आपण स्थिर आहोत' ही दोन वाक्यं तीच. मी संध्याकाळी तिन्ही मेल शेजारी शेजारी उघडून वाचले, शेवटचा परिच्छेद जवळजवळ शब्दशः सारखा आहे. म्हणजे लिहिणाऱ्याने आमच्यासाठी पाच मिनिटं सुद्धा नवीन विचार केला नाही. या गोष्टीचा मला लेऑफपेक्षा जास्त राग आला, खरं सांगते.

शेजारच्या खुर्चीतल्या त्याला अकरा वर्षं झाली होती इथे. बिलिंगचा महिनाअखेरचा रन, म्हणजे सगळी बिलं तयार करून पाठवण्याचं काम, तोच सांभाळायचा, जुनी सिस्टिम, कागदावर अर्धवट लिहिलेली, बाकी सगळी त्याच्या डोक्यात. कॉल संपायच्या आत लॅपटॉपचा अ‍ॅक्सेस गेला. केटी नाही (काम दुसऱ्याला समजावून देणं), निरोप नाही, माझ्या कोडवर त्याने सकाळी टाकलेली कमेंट तशीच आहे, 'हे उद्या नीट बघू'. ज्यांनी यादी केली त्यांना हा रन कोण करतो हे माहीत होतं का? नक्की नव्हतं. आमच्या मॅनेजरला सुद्धा यादी सकाळीच कळली, तो चारच्या कॉलवर आमच्याकडे बघत नव्हता. यादी वर कुठेतरी एक्सेलमधे होते, पगाराच्या कॉलमवरून, असं मला वाटतं, आणि मला खोटं ठरवायला कोणी पुढे येत नाही कारण निकष काय होते हे तीन वेळा विचारून तीन वेळा 'अनेक घटक बघितले' एवढंच उत्तर आलंय. टाउन हॉलमधे, म्हणजे सगळ्या कंपनीच्या मीटिंगमधे, आधी नाव न देता प्रश्न टाकता यायचे, दुसऱ्या फेरीनंतर तेही बंद झालं.

हे फक्त आमच्याकडेच आहे असं नाही, मला माहितीये. मेटाने नोव्हेंबर २०२२ मधे ११ हजार लोक काढले आणि चारच महिन्यांनी मार्च २०२३ मधे अजून १० हजार जाहीर केले. अमेझॉनने त्याच जानेवारीत १८ हजारांचा आकडा दिला आणि मार्चमधे ९ हजार वाढवले. गुगलने १२ हजार. त्या वेळच्या पत्रांमधे सीईओंनी लिहिलं होतं की जास्त भरती झाली आणि त्याची जबाबदारी माझी. मी तेव्हा ते वाचून प्रभावित झाले होते, किती मोकळेपणाने मान्य केलं म्हणून. आता वाटतं, जबाबदारी घेतली म्हणजे नेमकं काय घेतलं? चुकीचा अंदाज ज्याचा, तो खुर्चीत आहे, आणि ज्याला भरतीच्या त्या आकड्याबद्दल कोणी विचारलंही नव्हतं त्याला नारळ.

वेगळं करता येत नाही असंही नाही ना. निन्टेंडोचा वी यू हा गेम कन्सोल चालला नाही तेव्हा २०१४ मधे कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी पाच महिने स्वतःचा पगार निम्मा केला, बाकीच्या संचालकांचाही २० ते ३० टक्के कापला. माणसं काढून पुढचं काम चांगलं होत नाही असं त्यांचं मत होतं. आमच्याकडे वरच्या एकाने तरी एक महिन्याचा बोनस सोडला असता तर मी आज वेगळं लिहिलं असतं.

आणि हिशोबाने सुद्धा हे बरोबर नाही. ट्रेव्हर आणि नायबर्ग या दोघा संशोधकांचा २००८ चा अभ्यास आहे, त्यात १ टक्का लोक कमी केल्यावर आपणहून सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण सरासरी ३१ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. आम्ही ते बघितलंच की, दुसऱ्या फेरीनंतर दोन महिन्यांत टीममधले दोन सगळ्यात चांगले लोक स्वतःहून गेले, त्यांना कोणी हात लावला नव्हता. जात्यातले रडतात सुपातले हसतात म्हणतात, पण इथे सुपातलं कोणी हसत नाहीये, सगळे रेझ्युमे उघडून बसलेत. मीटिंगमधे कोणी चूक दाखवत नाही, कोणी नवीन काही सुचवत नाही, सुट्टी टाकायला सुद्धा लोक घाबरतात. मीही गप्प बसले आज, चारच्या कॉलवर 'काही प्रश्न?' विचारलं तेव्हा. तोंडापर्यंत आलं होतं की त्याचं काम शुक्रवारी कोण करणार. नाही विचारलं. ते मला टोचतंय.

काम अर्थातच माझ्याकडे आलंय, सहा वाजता मेल आला, 'ही तुझ्यासाठी वाढीची संधी आहे'.

साडेनऊला त्याचा मेसेज आला. स्वतःच्या पर्सनल नंबरवरून. मला वाटलं रेफरल मागेल, दुसरीकडे नोकरीसाठी ओळख, मागायलाच हवं होतं त्याने. लिहिलंय, 'शुक्रवारी रन आहे. तिसऱ्या स्टेपला फाइल अडकते कधी कधी, तिथे रीस्टार्ट करू नकोस, सगळी बिलं दोनदा जातील. अडकलीस तर फोन कर, रात्री कितीही वाजता.'

तासभर झाला, काय उत्तर लिहू कळत नाहीये.