पक्षाघातानंतरचे चालणे खुर्चीपासून सुरू होते

पक्षाघात झालेल्या माणसाच्या घरी ‘चालायला कधी लागणार?’ असे सगळेच विचारतात. उभे राहिल्यावर भार कोणत्या पायावर पडतो, याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. माझ्या आत्याच्या फिजिओथेरपिस्टबाईंनी पहिल्याच भेटीत तेवढेच पाहिले. आत्या उभी राहत असे ती धडधाकट उजव्या पायावर, डावा नुसता टेकवून. डाव्याला भार सोसत नसल्याने चालताना उजवे पाऊल घाईघाईने आणि आखूड पडे. शिवाय डावा चवडा वर उचलला जात नसल्याने तो पाय ती कमरेतून गोल फिरवून पुढे आणत असे.

म्हणून व्यायाम सुरू झाला तो खुर्चीतून उठण्या-बसण्यापासून. अशक्त पाऊल किंचित मागे घ्यायचे, म्हणजे उठताना भार त्याच्यावर आपोआप येतो. मग धड पुढे झुकवून शक्यतो हातांचा आधार न घेता उठायचे आणि बसताना धपकन न बसता सावकाश टेकायचे. हे जमू लागल्यावर आधाराला ओटा धरून उजवे पाऊल बुटक्या पायरीवर ठेवायचे, कारण तेवढा वेळ शरीर डाव्या पायाला पेलावे लागते. जवळचे माणूस उभे राहते ते अशक्त बाजूला. आमच्याकडे मायेपोटी तिला दोन्ही काखांत धरून उठवत, आणि मग पायांना काही कामच उरत नसे. तेलाच्या मालिशने बरे वाटते, त्याला माझी हरकत नाही. पण तोल सावरण्याचा सराव त्यातून होत नाही.

महागड्या यंत्रांवाचून अडते असेही नाही. अमेरिकेत ४०८ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लीप्स’ अभ्यासात शरीराचा भार पट्ट्यांनी पेलणाऱ्या ट्रेडमिलवरील सरावाची तुलना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली घरीच केलेल्या ताकदीच्या व तोलाच्या व्यायामांशी केली होती. वर्षअखेरीस दोन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र अतिघाईही नको: २०१५ च्या ‘ॲव्हर्ट’ अभ्यासात पहिल्या २४ तासांतच वारंवार आणि जास्त वेळ उठवलेल्या रुग्णांची प्रगती नेहमीच्या उपचारांपेक्षा थोडी कमीच भरली.

प्रगती मोजण्यासाठी बाई दहा मीटर चालायला लावून वेळ घेतात. सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी वेग असल्यास माणूस बहुधा घरापुरताच फिरतो, तर ०.८ च्या पुढे बाहेरचे व्यवहार बऱ्यापैकी जमतात. आत्या सध्या या दोहोंच्या मध्ये आहे. गल्लीतल्या वाण्यापर्यंत ती काठी घेऊन जाते, पण मोठा रस्ता ओलांडताना बरोबर कोणीतरी लागते.