जुन्या विमानातला तीन कॉइलचा रेग्युलेटर

१९४६ मध्ये आलेल्या सेस्ना १४० सारख्या छोट्या विमानात १२ व्होल्टची बॅटरी आणि डीसी जनरेटर असतो. इंजिनाचा वेग बदलला की जनरेटरचं व्होल्टेजही चढ-उतार करू लागतं. त्याला आवरायचं काम रेग्युलेटरचं. झाकण काढलं की आत तीन कॉइल दिसतात: कटआऊट, व्होल्टेज आणि करंट.

व्होल्टेज १४ च्या वर जाऊ लागलं की व्होल्टेजची कॉइल पत्ती खेचते, पॉइंट (एकमेकांना टेकणारे संपर्क) उघडतात आणि फिल्डचा, म्हणजे जनरेटरमध्ये चुंबकत्व तयार करणाऱ्या गुंडाळीचा, करंट रेझिस्टरमधून जायला लागतो. फिल्ड कमजोर होतं, व्होल्टेज उतरतं, स्प्रिंग पॉइंट पुन्हा मिटवते. हे सेकंदाला ५० ते २०० वेळा चालतं. करंटची कॉइल तेच करते, पण जनरेटरमधून किती करंट खेचला जातोय ते बघून. कटआऊट फक्त बॅटरीचा करंट जनरेटरकडे उलटा जाऊ देत नाही. आयडलला, म्हणजे इंजिन सगळ्यात मंद चालताना, अमीटर (करंट दाखवणारा मीटर) थोडा उणे दिसला तर तो बिघाड नव्हे.

चार्जिंग बिघडलं की सरळ स्प्रिंगचा ताण बदलायचा, ही सवय फार वाईट. आधी अर्थिंग, म्हणजे विमानाच्या धातूच्या बॉडीशी असलेली जोडणी, तपासा. इंजिन चालू असताना रेग्युलेटरचा बेस आणि जनरेटरची बॉडी यांच्यात ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर दोष तिथे आहे. बेसचं व्होल्टेज अर्थिंगपेक्षा वर गेलं की कॉइलला खरं व्होल्टेज कमी भासतं, ती उशिरा खेचते आणि बॅटरी उकळते. मीटरच्या लांब वायर केबिनमध्ये आणून वाचा. फिरत्या पंख्याजवळ कोणी उभं राहू नये.

चार्जिंगच होत नसेल, तर डेल्को-रेमी कंपनीच्या जोडणीत कमी आरपीएमवर 'एफ' (फिल्ड) टर्मिनल क्षणभर बॉडीला जोडून अर्थ करा. आउटपुट चढलं तर जनरेटर ठीक, रेग्युलेटर वाईट. जास्त वेळ धरू नका, व्होल्टेज बेलगाम होतं.

पॉइंट बारीक कानसीने घासा. एमरी पेपर नको, त्याचे कण पॉइंटमध्ये रुतून बसतात. सेटिंग झाकण लावून, डबा गरम झाल्यावरच वाचायचं. जनरेटर किंवा रेग्युलेटर बदलल्यावर इंजिन बंद ठेवून 'बॅट' (बॅटरी) आणि 'जेन' (जनरेटर) टर्मिनल वायरने क्षणभर जोडा, म्हणजे पोलॅरिटी (जनरेटरच्या अधिक-उणे टोकांची दिशा) बसते. फिल्ड जनरेटरच्या आतच अर्थ केलेल्या जोडणीत मात्र ही पद्धत वापरू नका.

इंजिन थांबल्यावर अमीटरचा काटा उण्याच्या टोकाला गेला तर कटआऊटचे पॉइंट चिकटलेत. मास्टर (मुख्य स्विच) बंद करा आणि लगेच बॅटरीची वायर सोडवा.